बायजाबाईनं भूकंप सारवला

बपेरा गावात सारवणाचा विषय निघाला की बायजाबाईचं नाव येणारच. भिंत असो की अंगण, तिचा हात फिरला की माशीसुद्धा घसरेल, असं लोक म्हणत. पण घरोघर फरशा आल्या आणि तिची विद्या रिकामी बसली. म्हणूनच गावातल्या टेकचंदच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नागपूरच्या मॅडमला मजूर बाई हवी असल्याचं कळलं, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी हजर झाली.

बांधीत पुरुषभर खोल, वीस पावलं लांब चर खणला होता. तृप्ती मॅडम भूगर्भाच्या अभ्यासक. जमिनीतली जुनी भेग पूर्वी किती वेळा आणि कधी हलली, हे त्या चराच्या भिंतीवरून ओळखणार होत्या. त्यावरून इकडे भूकंपाचा धोका किती, ते ठरायचं होतं. भिंतीवर त्यांनी दोऱ्याचे चौकोन आखून नंबरांच्या चाळीस झेंड्या टोचल्या होत्या.

"मावशी, उरलेली भिंत साफ, अगदी गुळगुळीत करून ठेवा," एवढं सांगून मॅडम जेवायला गेल्या.

बायजाबाईनं भिंत न्याहाळली. वर काळी माती, मग पिवळी, खाली रेती अन् गोटे, आणि मधून ही तिरपी भेग! एवढी शिकलेली बाई आणि तिच्या भिंतीचे हे हाल! तिला राहवेना. झेंड्या उपटून तिनं डब्यात रचल्या, दोरे गुंडाळले, टेकचंदच्या गोठ्यातून टोपलीभर शेण आणलं आणि आधी भेग दाबून बुजवली.

मॅडम परतल्या तेव्हा अख्खी भिंत ओली चकाकत होती. कडेनं बोटांची नक्षीही होती.

"मावशी, भेग कुठं गेली?"

"बुजवली ना! आता शोधूनबी सापडाची नाही."

वरून टेकचंद ओरडला, "काहून व बायजे, हजारो सालाचा भूकंप एका टोपलीत खपवला!"

"साफ करा म्हनलं ना यायनंच!" बायजाबाई कावली. "भेग पाहाले ठेवतेत, हे मले काय मालूम?"

मॅडमला रडावं की हसावं कळेना. फोटो काढलेले होते, पण थरांचं वय कळायला त्यांना त्यातला जुना कोळसा तपासायचा होता. त्यात आजचं शेण मिसळलं तर वय चुकणार. म्हणजे भिंत वीतभर आत तासणं आलं.

दोन दिवस बायजाबाईनं खुरपीनं भिंत तासली. हात तोच, फक्त काम उलटं. भेग पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसू लागली. रेतीचा थर एका बाजूला हातभर खचला होता, पिवळा वीतभर, आणि काळा मात्र सलग.

बायजाबाई थांबली. "मॅडम, आमच्या चुलीमागची भिंत अशीच फाटते. सारवलं का भेग झाकते, मंग पुन्हा फाटते. हे दोनदा हललं काय? रेतीवर एकदा, मंग पिवळी माती बसली, मंग पुन्हा?"

मॅडमनं वही उघडली. "आणि काळी माती?"

"ते शेवटचं सारवन. त्याच्या नंतर हललं नाही."

मॅडमनं तसंच लिहून घेतलं. पिवळ्या अन् काळ्या मातीतले कोळशाचे तुकडे तपासायला गेले. महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. शेवटचा हादरा तीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याही आधी एक. पुढचा कधी, याची तारीख कोणी देऊ शकत नाही, पण भेग मेलेली नाही.

ऐकून बायजाबाई तडक टेकचंदकडे गेली. त्याच्या नव्या खोलीच्या भिंती दाराच्या उंचीला आल्या होत्या.

"दारावरून चौफेर सळ्या-सिमेंटचा पट्टा टाक. हादरा आला तं भिंती धरून ठेवते."

"चार हजार साल काही झालं नाही, आता काहून होईल?"

"त्या भूकंपाले पुसून आली काय मी? टाक म्हनलं ना!"

पट्ट्याच्या सळ्या बांधून होईपर्यंत ती विटांच्या ढिगावरून उठली नाही. टेकचंदनं तिला दोनदा चहा पाजला.