भाकर पेवातून येते

हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता आणि शिक्षण खात्याच्या नव्या साहेबांना नवा हुरूप होता. पोरांना शेती शिकवा, अन्न कुठून येतं ते समजावून सांगा, असं त्यांचं म्हणणं. मला हसावं की रडावं कळेना. मी हिंगोलीत कारकुनाच्या घरात वाढलेली; माझी ज्वारी गिरणीच्या डब्यापासून सुरू व्हायची. आणि साखरा गावाच्या पुढच्या त्या खेड्यात माझी चौथीची पोरं सकाळी मेंढ्या सोडून, शेताला एक चक्कर मारून मग शाळेत यायची. पण नोकरी म्हटली की साहेबांना नाही म्हणता येत नाही.

कार्यानुभवाच्या तासाला फळ्यावर भाकर काढली. ती पापडासारखी झाली, त्यावर पोरं खिदळली. विचारलं, ही कुठून येते? कुणी म्हणालं शेतातून, कुणी म्हणालं चुलीवरून. मग दुसऱ्या रांगेतली एक पोरगी उठली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"पेवातून येती, बाई. माझा आबा खालून पाठवतो."

मला वाटलं, आता वर्ग डोक्यावर घेतील. पण एकही पोर हसलं नाही. सगळी खाली फरशीकडे बघत बसली.

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट भलं मोठं. तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपायची. तोवर घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या होत्या, पण जुनी पेवं गावाखाली तशीच होती. आमच्या शाळेच्या अंगणातही एका जागी पाय आपटला की खालून ढब्ब आवाज यायचा. पोरं त्या जागेला वळसा घालून जात.

मधल्या सुट्टीत त्या पोरीची आई शाळेत आली. उंबऱ्याबाहेरच बसली.

"ही पाळण्यात व्हती तव्हाची गोष्ट हाय, बाई," ती म्हणाली. "घरी पाहुणे आलते. ज्वारी काढायची व्हती. हिच्या बापानं पेव उघडलं, दिवा सोडला. दिवा विझला. मी म्हणलं, थांबा आजच्या दिस. त्ये म्हणले, वाऱ्यानं विझला. अन् उतरले."

बंद पेवातली हवा माणसाला मारते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून पेव उघडलं की काही दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. तो जळत राहिला तरच उतरायचं. त्या माणसालाही हे माहीत होतंच. त्याला मेलेलाच वर काढला, ओढ्याकाठच्या मसणात नेला, आणि आज्यानं, म्हणजे त्याच्या बापानं, ज्वारी उपसून पेव कायमचं बंद केलं. पुढे पोरीच्या कानावर एवढंच आलं की आबा, म्हणजे बाप, पेवात गेला. उरलेलं तिनं स्वतःच जुळवलं.

"भुईला कान लावून निजती," आई सांगत होती. "भाकरीचा पहिला तुकडा दगडावर नेऊन ठेवती. परवा तर दगडच उकरून राहिली व्हती. मी खाली जाती म्हणली. आता सासरा पेव बुजवणार हायत. पर तिला न दाखवता बुजवलं तर ती म्हणंल, आबाला जित्ता बुजवला. तुमी दाखवा, बाई. रिकामं हाय म्हणून. माझ्यानं न्हाई व्हत."

मला राग आला. जनगणना आम्ही करायची, पोलिओचे डोस आम्ही पाजायचे, आता हेही आम्हीच? पण ती बाई पदर तोंडाशी धरून बसली होती आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं.

धान्य कसं साठवतात, या नावाखाली अख्खा वर्ग घेऊन गेले. आज्यानं आदल्या दिवशीच दगड सरकवून ठेवला होता. तोंडाशी गेले तर खालून ऊब येत होती. आंबूस, कोंदट, झोपलेल्या माणसाच्या तोंडाजवळ येते तशी. मागे सरावंसं वाटलं, पण पोरांसमोर घाबरून कसं चालेल?

आज्यानं कंदिलाची वात मोठी करून तो आत सोडला. वाऱ्याचं नाव नव्हतं. कडेच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. दोरी खाली जात राहिली, ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि गेली.

"आबानं फुकला," पोरगी म्हणाली. खूश होऊन म्हणाली, हे मला आजही विसरता येत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. दाखवायला गेले रिकामं, आणि दाखवून आले भरलेलं. आईनं पोरीला जवळ बांधून घेतल्यासारखं सांभाळलं, आज्यानं पेवाशेजारीच बाज टाकली. ती पोरगी एखाद्या दुपारी डोळा चुकवून उतरली तर काय, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी वर्ग नेला नाही. ती, तिची आई, आज्या आणि मी. कंदील खाली गेला. ज्योत थरथरली, बारीक झाली, आणि पुन्हा सरळ उभी राहिली. आज्यानं मान हलवली. पोरगी काठावर पालथी पडली. मी तिचे दोन्ही पाय गच्च धरले.

आत कुदळीचे ओरखडे दिसत होते. काळा पडलेला कडबा होता. बाकी काही नव्हतं. कंदील फिरला तशी तिची मान फिरत गेली, कोपरा न् कोपरा बघत.

"आबा!" तिनं हाक मारली.

पेवानं ती हाक पोटात घोळवली आणि सावकाश परत दिली. जाड आवाजात, मोठ्या माणसाच्या. "...आबा."

आईनं डोळे मिटून घेतले. माझ्या हातातले पाय ताठ झाले. मला वाटलं, संपलं. आता ही पोरगी आयुष्यभर इथून हलत नाही.

तिनं कान आत वळवला, आवाज विरेपर्यंत ऐकला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा गोंधळलेला होता.

"बाई, ह्यो आबा न्हाई. ह्यो बी आबालाच हाका मारून राहिला."

आज्या मातीची टोपली घेऊन पुढे आला, तर तिनं हातानं त्याला थांबवलं. पुन्हा आत वाकली. आणि धाकट्या भावाची समजूत काढावी तशी, हळूच, त्या अंधाराला म्हणाली,

"इथं न्हाई आबा."

खालून कुणीतरी तिच्या पाठोपाठ म्हटलं, "...न्हाई आबा."