भाताच्या शेतातली फायनल

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी झोकात सुरुवात केली: 'क्लबला मैदान मिळाले.' मग पेन खाली ठेवलं. मिळालं कसलं डोंबल! त्या मैदानाची खरी गोष्ट कळली त्या दिवशी मी जो हादरलो, तो अजून पुरता सावरलेलो नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. क्लब कुठल्याच लीगमध्ये नव्हता. पाम, बोईसर, तारापूरची दहा-पंधरा टाळकी जमायची, त्यालाच आम्ही क्लब म्हणायचो. मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आणि क्लबचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सगळ्यांवर ओरडणारा.

मैदान म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं भाताचं शेत. आमचा सेंटर फॉरवर्ड तिथल्याच पाड्यावरचा, आणि शेत त्याच्या घरचं. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की होळीपर्यंत आम्ही तिथं अनवाणी खेळायचो. अडचण एकच होती. शेताची चार खाचरं होती आणि त्यांच्यामध्ये गुडघाभर उंच बांध. पास द्यावा तर चेंडू बांधाला आपटून परत. पाय मुरगळायचे ते वेगळंच.

एका रविवारी आम्ही कुदळी-घमेली घेऊन गेलो आणि मधले बांध काढून टाकले. फॉरवर्डही आमच्याबरोबर खणत होता. "पावसाच्या आदी घालून द्या बरं," एवढंच तो म्हणाला.

"अरे, देणार म्हणजे काय!" मी म्हणालो. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

पाऊस आला, खेळ बंद झाला आणि बांधांची आठवण कुणालाही राहिली नाही. मलाही नाही. दिवाळीनंतर गेलो तर मैदान कसं सपाट! आमचा गोलकीपर उत्तरेकडचा, वेल्डर. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "यार, ये तो स्टेडियम बन गया!" भाताची धसकटंही यंदा विरळ होती. पायाला टोचत नाहीत म्हणून आम्ही खूशच झालो. काय अक्कल होती आमची!

त्या वर्षी आमच्याच मैदानावरच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो, तेही फॉरवर्डच्या जिवावर. प्रत्येक मॅचला त्याचा गोल ठरलेला. रविवारी केळव्याच्या टीमशी फायनल, आणि शनिवारी सकाळी सरावाला तोच गायब. माझं डोकं फिरलं. सायकल काढली आणि वाटभर शिव्यांची उजळणी करत पाड्यावर गेलो.

घराचं दार सुतळीनं बांधलेलं. अंगणात त्याचा आजा बकऱ्यांना पाला घालत होता.

"कुठं गेला तो? उद्या फायनल आहे!"

"वीटभट्टीवर गेली सगळी, वैतरण्याकडं. मुकादमाचा ट्रक आलता."

"भट्टीवर? तुम्ही तर कधी जात नव्हता!"

"भात हुतं तवर नाय गेलो, दादा. यंदा पिकलंच नाय. बांध नाय, मंग खाचरात पानी ऱ्हाणार कसं?"

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "घरच्यांनी परत घातले नाहीत बांध?"

"घातलं तर! नवी माती. एका पावसात धुपून गेली."

आवाजात राग नव्हता, कुरकूर नव्हती. त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मग मीच चिडलो, स्वतःवर चिडायचं सोडून त्याच्या नातवावर. "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"सांगल कसा? बाप बोलला, आता शेतात खेळू नका. तर हा दोन दिस जेवला नाय." म्हातारा थोडा हसला. "त्याला खेळायचं हुतं ना."

मला बसावंसं वाटत होतं, पण त्या अंगणात बसायची हिंमत झाली नाही.

"मॅच हाय ना उद्या?" त्यानंच विचारलं. "बकऱ्या शेतातनं पल्याड नेतो. किती वाजता?"

"चार," मी म्हणालो.

संध्याकाळी मी टीमला सगळं सांगितलं. कॅप्टन म्हणाला, "एवढी फायनल होऊ दे, मग बघू." आणि मी, सेक्रेटरी, मान डोलावली.

आम्ही एक-शून्यनं जिंकलो. गोल झाला तेव्हा मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, मैदानात धावत गेलो, गोलकीपरच्या गळ्यात पडलो आणि दोन्ही पायांनी उड्या मारल्या. मी कुणाच्या ताटातल्या भातावर नाचतोय, हे मला कळून चोवीस तास तरी झाले होते.