गारठवलेली किल्ली

माझ्या लेकीचे सासरे जगातली कोणतीही गोष्ट गार केल्याशिवाय दुरुस्त करत नाहीत. पिंपळगाव राजात जन्मभर फ्रीज दुरुस्त केले, त्याचा हा परिणाम. नातवाचं टेंगूळ, तापलेला मोबाइल, मांडवात रुसलेला मामा, सगळ्यांवर इलाज एकच. साखरपुड्यात माझा आवाज चढला, तेव्हा त्यांनी बर्फ घातलेलं सरबत माझ्यापुढे सरकवलं होतं. साठीनंतर त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं आणि त्यातही गार करण्यासारखं काहीतरी सापडलंच.

ते मला कळलं माझ्याच मूर्खपणामुळे. आठ वर्षांपूर्वीची मी, नुकतीच निवृत्त झालेली मास्तरीण, स्वतःला फार हुशार समजायची. ही बाई लॅपटॉपवर घरातल्या सगळ्यांच्या खोड्या लिहायची. कोणी वाचू नये म्हणून एका सकाळी तिनं अख्ख्या लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. असा अवघड, की कोणाला सुचूच नये. मेथी निवडून होईस्तोवर पडद्याला कुलूप लागलं, आणि पासवर्ड तिलाही सुचेना.

त्याच लॅपटॉपमध्ये माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनआधी त्यांनी दार लावून रेकॉर्ड केलेला, दुसरीकडे कुठेच नसलेला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला.

व्याह्यांना, आमच्याकडच्या बोलीत इवाईंना, फोन केला. "बंद करू नका, ईनबाई. चालू हाये तोवर कुलपाची किल्ली त्याच्या ध्यानात हाये. लाईट गेली का इसरलं समजा, मंग आतलं काहीच उघडत नाही."

बॅटरी केव्हाच मेलेली, आणि लोणारला तेव्हा रोज एक वाजता लाईट जायची. व्याही बसमधून उतरून घरात शिरले, तेव्हा पाऊण वाजला होता.

पाणीही न घेता त्यांनी लॅपटॉप पालथा करून उघडला, पेनड्राइव्ह खोचला आणि पिशवीतून फ्रीजच्या गॅसचा डबा काढला. "गारठवलं का त्याचं ध्यान घडीभर टिकते. वायर काढतो, लगेच लावतो, माह्या पेनड्राइव्हवर चालू करतो. त्यात किल्ली उतरली तं उतरली."

"नाही उतरली तर?"

त्यांनी पलंगाकडे पाहिलं. तिथे जाऊबाई एकटक बघत बसल्या होत्या.

डबा उलटा धरून त्यांनी फवारा मारला. ध्यान ठेवणाऱ्या आतल्या पट्टीवर पांढरं दव चढलं. दव म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे बिघाड, एवढं शास्त्र मला येत होतं. मी पदरानं पुसायला वाकले, आणि व्याह्यांनी माझा पदरच धरला. ज्यांच्यासमोर डोक्यावरून कधी ढळू दिला नव्हता, त्यांच्याच मुठीत तो. "ऊब लागू देऊ नका, बाप्पा," ते हळूच म्हणाले. "पुसान तं आवाजच पुसान." एका हातात पदर तसाच, दुसऱ्या हातानं त्यांनी वायर ओढली, पुन्हा लावली, बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग अक्षरं धावू लागली. जाऊबाईंचे खांदे हलत होते. रडतात की हसतात, मला बघवेना. अक्षरं थांबली, व्याह्यांनी पेनड्राइव्ह उपसला, पदर सोडला, आणि पंखा बंद पडला.

पाचला लाईट आली. त्यानंतर तासभर व्याही पेनड्राइव्हवर उतरलेल्या अक्षरांच्या ढिगात किल्ली शोधत होते. ती सापडली, आणि लॅपटॉप उघडला.

आम्हाला वाटलं होतं, जाऊबाईंनी गाणी म्हटली असतील. त्यांनी नुसत्या हाका मारून ठेवल्या होत्या, मागाहून बटण दाबून बोलावता यावं म्हणून. "सुमन, इकडं ये वं." मी त्यांना खेटून बसले होते, तरी "आले" म्हणून उठले. व्याही शेवटची बस गाठायला पिशवी उचलून दारात पोचले होते. जाऊबाईंनी यादीतलं खालचं बटण दाबलं.

"इवाई, जेवल्याबिगर जाऊ नका."

"हाव, मोठ्या ईनबाई," ते म्हणाले, आणि चपला काढून आत आले.