व्याह्यांची छागल

नऊ वर्षं दर मंगळवारी माझ्या घरी येऊन, माझ्या पंख्याखाली बसून, माझ्या घरच्या पाण्याचा एक थेंब ज्यानं घशाखाली उतरू दिला नाही, असा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात एकच असणार, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझ्या सुनेचे वडील. सांगोल्याकडचा माणूस, जन्मभर शेरडं-मेंढरं वळली, अलीकडं थोडं डाळिंब लावलेलं. जुनी रीत अशी, की लेकीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही. आता ही रीत कोण पाळतं? त्यांच्याच भावकीतले लोक लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या घरी मटण ओरपून जातात. पण आमचे व्याही हट्टाला पेटले म्हणजे पेटले. मंगळवारी सोलापूरच्या बाजारात शेरडं विकायची, मग आमच्याकडं यायचं, दारात वहाणा काढायच्या, खांद्यावरची कॅनव्हासची छागल दाराजवळच्या खुंटीला अडकवायची आणि मग विचारायचं, "काय पाव्हणं, बरं हाय न्हवं?" छागल म्हणजे त्यांची पाण्याची पिशवी, ती दिवसभर ठिबकायची. ठिबकून ठिबकून खुंटीखालच्या शहाबादी फरशीवर भाकरीएवढा पांढरा डाग पडला.

माझी बायकोही काही कमी नव्हती. पिणार नाहीत हे ठाऊक असून ती दर मंगळवारी त्यांच्यापुढं माठातला गार तांब्या ठेवायची. व्याही तांब्याला बोट लावायचे, हात जोडायचे आणि उठून आपल्या छागलीतलं प्यायचे. बायको तांब्या उचलायची आणि मागच्या दारच्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायची. "पाव्हण्यांचं हाय, तू तरी पी बाबा." आमचा कढीपत्ता गल्लीत सगळ्यात उंच झाला. शेजारणी फांदी मागायला आल्या की ती सांगायची, "व्याह्यांच्या पाण्यावर वाढलाय, जरा कडू लागंल." खाण्याचंही तसंच. फडक्यात भाकरी न् शेंगाचटणी बांधून आणायचे, अर्धी आम्हाला वाढायचे. आम्ही त्यांचं खायचं, त्यांनी आमचं शिवायचं नाही. बायको मला म्हणायची, "ह्यो माणूस आपल्याला जेवाय घालाया येतोय का लेकीला बघाया?"

खरं तर लेकीला बघायलाच यायचे, पण बघून झाल्यावर पुढं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. सुनेची आई ती सहा वर्षांची असताना गेली. त्या घरात बोलणारं माणूस तेवढंच होतं. बापलेक समोर बसले की "बरी हायस?" "बरी हाय," एवढ्यावर विषय संपायचा, आणि मग दोघं पंख्याकडं बघत बसायचे. सून घरूनच कॉम्प्युटरचं काम करायची, लग्नात भांड्यांबरोबर तिनं आपला मोठा कॉम्प्युटर आणला होता. एका मंगळवारी तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं बापाला खुर्चीवर बसवलं आणि एक गेम लावून दिला.

तो गेम लढाईचा. राजे, राण्या, उडणारे साप, हातातून जाळ काढणारे जादूगार, आणि डोंगर-नद्यांचा एवढा मोठा नकाशा. आपण आपलं सैन्य हलवायचं, गड घ्यायचे. सगळं बोलणं इंग्रजीत, ते सून सांगायची. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या, जन्मभर माग चालवलेल्या माणसाला त्यात काही कळायचं नाही, पण व्याह्यांना पहिल्या दिवसापासून सगळं कळलं, कारण त्यांनी तो गेम मेंढपाळासारखा खेळला. नकाशा बघून पहिला प्रश्न, "हितं चारा कुटं हाय?" सून हसायची. "आप्पा, चारा लागत न्हाई. गड घ्या." व्याही मान हलवायचे. "पाचशे घोडी न्हेत्यात, आन चाऱ्याचं कुणी इचारत न्हाई. कसला राजा ह्यो?" दुपार झाली की ते सैन्य झाडाखाली थांबवायचे. गेममध्ये दुपार होत नाही असं सून सांगायची, पण बाहेर आमच्या गल्लीत ऊन पडलेलं असायचं ना.

आणि मग त्यांना पखालवाला सापडला. सैन्याच्या पाठीमागं एक म्हातारा चालायचा, सोबत रेडा, रेड्यावर पाण्याची पखाल. त्याला ना तलवार ना नाव. त्याच्याजवळ गेलं की तो एकच वाक्य बोलायचा, "दमलास? आधी पाणी पी." बस्स. व्याह्यांनी ते सुनेकडून चारदा विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांचं राज्य बुडालं. कारण गेममध्ये मेलेला माणूस परत येत नाही, आणि व्याह्यांनी ठरवलं की पखालवाला मरता कामा नये. शत्रू गडावर चढून आला तरी यांचे सगळे सरदार रेड्याभोवती उभे. गड पडायचा, राणी कैद व्हायची, पडद्यावर लाल अक्षरात हरलात म्हणून यायचं. व्याही शांतपणे मिशी पुसायचे. "हरू दे. पानी तरी पोचलं." बायको स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मला ऐकू जाईल असं म्हणायची, "रेड्यावरचं पानी चालतंय. माझ्याच माठात काय मेलंय?"

आम्हाला वाटलं, हे वेड सांगोल्यापुरतं असेल. पण सुनेनं एक दिवस सांगितलं, की जगभरात लाखो लोकांना तो म्हातारा आवडतो, लोक त्याची चित्रं काढतात, कपावर छापतात. गेमची कंपनी खेळणाऱ्यांचं मत घेते म्हणे, यातलं कोण सगळ्यात आवडतं. आठ दिवस मतदान, एका यंत्रावरून दिवसाला एक मत. सून म्हणाली, "आप्पा, मी देते की तुमच्या नावानं रोज." व्याही म्हणाले, "मत दुसऱ्याकडनं द्याचं नसतंय." आणि आठ दिवस, रोज, धुतलेलं धोतर नि कोरी टोपी घालून, दोन तास एसटीनं येऊन एक बटण दाबून, दोन तास एसटीनं परत. शेवटच्या दिवशी माझ्याकडूनही सुनेच्या मोबाइलवर मत देववलं. बायकोला विचारलं, "इनबाई, तुमीबी दिलं न्हवं?" बायको म्हणाली, "दिलं की. रेड्याला." व्याह्यांचा चेहरा पडला. "रेड्याला येगळं न्हाई देता येत." "त्या चित्रात दोघंबी हायती. वाहतंय कोण? मी रेड्यालाच दिलं."

पखालवाला पहिला आला. गेमच्या डब्यावर ज्याचं चित्र तो राजपुत्र सातवा. शिंग नेहमी चुकीच्या वेळी फुंकणारा एक शिपाई तिसरा आला, तंबूचे खुंट मोजणारी एक म्हातारी चौथी. व्याह्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा दात दाखवून हसताना बघितलं. "राजं काय, समद्यांना असत्यात, पाव्हणं. दमलास का म्हणून इचारणारं कुणाला हाय?" आणि ते कोपऱ्यावर जाऊन पेढे घेऊन आले आणि गल्लीत वाटायला लागले. आता व्याही पेढे वाटतोय म्हटल्यावर गल्ली काय समजणार? "नातू का नात?" एकीनं विचारलं. दुसरी तर पाळण्याचं बोलायला लागली. व्याही म्हणाले, "न्हाई न्हाई, आमचा पखालवाला आला." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सून दारात उभी होती. ती आत गेली.

संध्याकाळी व्याही निघाले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आप्पा, ती छागल दारात नका अडकवत जाऊ." व्याही म्हणाले, "मग कुटं? बाहीर तापंल की." बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती छागल दर मंगळवारी दारातून गल्लीला काय सांगत होती, हे घरात सगळ्यांना कळत होतं. व्याह्यांना चारा कळायचा, पाऊस कळायचा, एवढं कळलं नाही.

पुढं मुलगा न् सून नोकरीला पुण्याला गेले. तिला ऑफिसनं नवा लॅपटॉप दिला, मोठा कॉम्प्युटर आमच्याकडं राहिला, आणि व्याहीही राहिले. मंगळवार चुकला नाही. गेमचा नवा भाग आला, तो सुनेनं दिवाळीत लावून दिला. पखालवाला इतका गाजला म्हणून कंपनीनं त्याला मोठा केलेला. पखाल काढून हातात तलवार, अंगात चिलखत, सगळ्यात पुढं उभा. व्याही बराच वेळ बघत राहिले. "आन रेडा?" रेडा नव्हता. "मग पानी कोण पाजतंय?" कुणी नाही. त्यांनी तो भाग बंद केला तो परत लावला नाही. जुन्यावरच हरत राहिले.

दोन वर्षांमागं माझी बायको गेली. आजार आठ दिवसांचा. त्या दिवशी कडू घास व्याह्यांनीच आणला. सांगोल्याहून पिठलं-भाकरी घेऊन आले, मला हातानं भरवलं, आणि तहान लागली तेव्हा उठून छागलीतलं प्याले. मला रागही आला नाही. पुढच्या मंगळवारी मी सवयीनं दोन तांबे भरले, एक तिच्या जागेजवळ ठेवला. व्याह्यांनी बघितलं. म्हणाले, "दोन वरीस हात दोन भरतोय, पाव्हणं. मग शिकतोय." त्यांच्या बायकोबद्दल ते एवढंच बोलले. मग मी त्यांना विचारलं, "तो तुमचा म्हातारा मेला तर काय करता?" "पैल्यापास्नं लावायचं." मग स्वतःच म्हणाले, "तितं येतं लावता." आणि यंत्र बंद केलं.

गेल्या पावसाळ्यात मुलाचा फोन आला, की तो आणि सून वेगळे होणार. मी विचारलं, भांडण झालं? म्हणाला, नाही बाबा, काहीच नाही. भांडण असतं तर पुण्याला जाऊन दोघांना दोन शिव्या घातल्या असत्या. काहीच नाही, याला काय शिव्या घालणार? आणि खोटं कशाला लिहू, मला पहिला विचार मुलाचा आला नाही, सुनेचाही नाही. मंगळवारचा आला. कागद झाले म्हणजे हा माणूस माझा कोण? कशाला येईल?

पण मंगळवारी ते आले. छागल अडकवली. मी तांब्या ठेवला, त्यांनी बोट लावून हात जोडले. पोरांबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या, आणि मी दर मंगळवारी माणसाकडं नंतर आणि खांद्याकडं आधी बघायला लागलो. जिच्यापायी माझ्या बायकोनं सात वर्षं दातओठ खाल्ले, ती छागल खुंटीला लागली की मला बरं वाटायचं. ती आहे तोवर ते माझे व्याही आहेत.

मग एका मंगळवारी ते आले तेव्हा खांदा रिकामा होता. बसले. मी तांब्या-फुलपात्र पुढं ठेवलं आणि तोंड फिरवलं. मला आवाज आला. त्यांनी तांब्या उचलून वरूनच तोंडात धार धरली आणि सगळा संपवला. खाली ठेवून मिशी पुसली.

"सुक्रवारी झालं म्हणं," ते म्हणाले.

"व्हय. पोराचा फोन आलता."

"ग्वाड हाय पानी."

"नळाचंच हाय. माठामुळं लागतंय."

ते रिकाम्या तांब्याकडं बघत राहिले. "आदीच पिऊन टाकाय पायजे हुतं, पाव्हणं. एकांदी रीत मोडली म्हणून काय आभाळ पडणार हुतं? पोर म्हणाली हुती, छागल दारात नगं. मला वाटलं, फरशी खराब हुतीय म्हणून म्हणतीया." मग कढीपत्त्याकडं बघून म्हणाले, "इनबाईच्या हातचं तेवढं ऱ्हायलं."

लेकीनं त्यांना कॉम्प्युटर घेऊन जायला सांगितलं होतं. मी तार काढायला उठलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच. म्हाताऱ्याला रेडा घेऊन एवढ्या लांब कशाला चालवायचा." त्यांनी एकदा यंत्र लावलं, पखालवाल्याला नदीच्या उताराला नेऊन उभा केला, सगळे सरदार भोवती ठेवले, आणि उठले. मी म्हणालो, "मंगळवारी या." दारात वहाणा घालता घालता ते थांबले. "या म्हणताय खरं. घरी इचारलं कुणाकडं गेलता, तर काय सांगू?"

"पाणी प्यायला गेलतो म्हणून सांगा."

ते हसले. पण दात दिसले नाहीत.

त्याला आता चार मंगळवार झाले. डाळिंबाचा बहार धरायचे दिवस आहेत, कामं असतात, मला ठाऊक आहे. मी दुपारी कॉम्प्युटर चालू करतो. मला त्यातलं काही चालवता येत नाही, नुसता बघतो. म्हातारा नदीकाठी उभा असतो, रेडा शेपूट हलवतो, कुणी जवळ येत नाही म्हणून तो बोलत नाही. खुंटीखालची फरशी कोरडी असते, डाग मात्र जात नाही, घासून बघितला. दोन तांबे मी अजून भरतो. संध्याकाळपर्यंत वाट बघतो आणि मग एक उचलून कढीपत्त्याला ओततो. झाडाला काय, कुणाचं राहिलेलं पाणी आहे ते त्याला कळत नाही. वाढतंय.