हात घसरता कामा नये

मालिश मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा ठाम समज होता. दोन्ही मुलांना तान्हेपणी मीच चोळून-माखून न्हाऊ घातलं होतं, तेही माहेरापासून इतक्या लांब, लखनौत. त्यामुळे तेलीबागच्या फिजिओथेरपीवाल्या बाई माझ्या लेकीचा हात धरून "देखिए बहनजी, ऐसे" म्हणायला लागल्या, तेव्हा मी नुसती मान डोलावली. मनात म्हटलं, बाई गं, तू मला काय दाखवतेस!

लेक नऊ वर्षांची होती. मी दिवाळीच्या चकल्या तळत होते, ती मागून चकली पळवायला आली, आणि मी झारा घेऊन गर्रकन वळले. झाऱ्यातलं उकळतं तेल तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूवर सांडलं. जखम भरायला दोन महिने गेले. भरली, पण तिथे जाड लालसर कातडी धरली आणि ती आखडायला लागली. हात सरळ होईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, व्रण रोज मालिश करून मोकळा केलात तर ठीक, नाहीतर ही कातडी कापून मांडीची लावावी लागेल. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

मी मालिश सुरू केली, आमच्या पद्धतीने. थंडीत गोठलेलं खोबरेल वितळवून घ्यायचं आणि सढळ हाताने, मनगटापासून खांद्यापर्यंत लांब लांब हात फिरवायचे. लेकीला भारी आवडायचं. माझ्या मांडीवर हात टाकून टीव्ही बघत बसायची. मी मराठीत काही विचारलं की तिचं उत्तर हिंदीत, "मम्मी, थोड़ा और करो ना." मला वाटायचं, आईचा हात लागतोय, गुण येणारच.

नवरा रेल्वेत इंजिनिअर. आमच्या मानक नगरच्या क्वार्टरमध्ये प्रत्येक गोष्ट मोजली जायची. दर रविवारी तो लेकीच्याच कंपासपेटीतला कोनमापक तिच्या कोपराला लावायचा. तिसऱ्या रविवारी त्याने तो दोनदा लावला.

"अगं, हा सरळ व्हायचा सोडून जास्तच वाकलाय."

मी त्याच्यावरच उखडले. "ती काय लाकडाची पट्टी आहे का? हलली असेल पोरगी!" बोलले खरी, पण सोमवारी शाळा बुडवून लेकीला तेलीबागला नेलं.

बाई म्हणाल्या, करून दाखवा. मी दाखवलं. त्यांनी टॉवेल घेऊन लेकीच्या हातावरचं सगळं तेल खसाखसा पुसून काढलं.

"ये तो आप नवजात बच्चे की मालिश कर रही हैं. पहले दिन बताया था, हाथ फिसलना नहीं चाहिए."

मग दोन्ही अंगठे व्रणावर रोवून त्यांनी असे दाबले की लाल कातडी पांढरी पडली, आणि अंगठे न उचलता ती कातडीच वर, खाली, गोल सरकवली. लेक किंचाळली. बाई थांबल्या नाहीत. "बीस दिन निकल गए, बहनजी. अब रहम मत कीजिए."

वीस दिवस! ते माझ्या शहाणपणाने गेले होते. ऑटोत बसले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

त्यानंतर दिवसातून तीनदा, तेलाचा एकच थेंब आणि माझे दोन अंगठे. लेक आक्रोश करायची. मी टीव्ही मोठा करायचे. शेजारणीने एकदा दार वाजवून विचारलं, "बच्ची को मारती हैं क्या?" मी दार लावून घेतलं. "झालं हं बाळा, झालं," म्हणायचे, आणि झालेलं नसायचं. एकदा लेक म्हणाली, "आपने मुझे जानबूझकर जलाया था." माझे अंगठे क्षणभर सुटले. मग पुन्हा दाबले. काय करणार होते?

होळी गेली, परीक्षा झाल्या. कोन दर रविवारी थोडा थोडा उघडत गेला. मे महिन्यात एका रविवारी नवरा जमिनीवर बसल्या बसल्या ओरडला, "एकशे ऐंशी!" आणि चप्पल अडकवून जिलब्या आणायला पळाला. बाईंनीही हात पाहिला आणि म्हणाल्या, आता बंद करा. मला रडूच फुटलं.

पुढच्या रविवारी न्हायच्या आधी मी वाटीत तेल घेतलं. कित्येक महिन्यांत पोरीच्या केसांना धड तेल लागलं नव्हतं. "ये गं," मी हाक मारली. ती आली. वाटीकडे पाहिलं, माझ्यासमोर बसली, बाही वर सारली. दात आवळले, डोळे घट्ट मिटले आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

हात अगदी सरळ होता.