बाबांचा खांदा आणि हिद्दचं पाणी

गेल्या महिन्यातली गोष्ट. इथे बहरिनमध्ये, हिद्दच्या साइटवर लॅबचा रिपोर्ट हातात घेऊन मी नुसती उभी होते. घाण पाण्यात औषध कमी, आणि आम्ही स्वच्छ केलेल्या पाण्यात जास्त... असं कसं होईल?

जरा नीट सांगते. आपण औषधं घेतो, त्यातलं बरंचसं शेवटी सांडपाण्यात जातं आणि नेहमीच्या प्लांटमध्ये ते पुरतं निघत नाही. म्हणून आम्ही एक छोटं मशीन बसवलंय. आत प्लेट्स, त्यांना वीज जोडलेली, मधून पाणी जातं आणि औषधाचे तुकडे होतात... एवढं कळलं तरी पुरे.

ही ट्रायल म्हणजे माझं लेकरूच. रिपोर्ट चांगले आले तर मोठं मशीन मंजूर, नाहीतर हेही पॅक होऊन गोडाऊनमध्ये. आमचे बहरिनी बॉस हुसेन यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर खलास."

बाकीची औषधं मशीन छान फोडत होतं. एकच नग हट्टाला पेटला होता... डायक्लोफेनॅक, अंगदुखीवरचं. आत जाताना थोडंसं, बाहेर येताना भरपूर. मशीन औषध तयार करायला लागलं की काय!

मी काय काय केलं नाही? करंट वाढवला, कमी केला, प्लेट्स घासल्या, पाइप बदलले. लॅबवाल्यांशी भांडले सुद्धा, तेही बिचाऱ्यांची काही चूक नसताना.

आमचा ऑपरेटर बिनू आत जाणाऱ्या पाण्याचं सॅम्पल घ्यायचा. बाहेर येणारं मात्र मी स्वतः घ्यायचे. इतक्या खटाटोपाने स्वच्छ केलेलं पाणी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझा जीव होत नव्हता.

मग एक दिवस रजा घेतली, बाबांना फिरवायला. त्या दिवशी दोन्ही सॅम्पल बिनूने घेतली. रिपोर्ट आला... आणि बाहेरच्या पाण्यात डायक्लोफेनॅक जवळजवळ नाहीच!

"मॅडम, आप छुट्टी पे रहो, मशीन अच्छा चलता है," बिनू म्हणाला. सगळे हसले, मला मात्र रडू यायचं तेवढं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी मी सॅम्पल घेतलं आणि आकडा पुन्हा वर. माझीच साडेसाती मशीनला लागली असं मला खरंच वाटायला लागलं. मी इंजिनियर आहे हो...

आता बाबांचं सांगते. ते इस्लामपूरहून व्हिजिट व्हिसावर आलेत. जन्मभर एसटी चालवली, त्या जड स्टिअरिंगने उजवा खांदा कामातून गेलाय. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी त्यांना मलम चोळून देते.

लहानपणी बाबा माझ्या वाट्याला फारसे आलेच नाहीत, कायम ड्युटीवर. आता खांदा चोळताना मात्र बोलतात... कुठल्या घाटात गाडी बंद पडली, कुठल्या स्टँडवर चहा चांगला मिळायचा. माझ्याकडे पाठ असते म्हणून बोलता येत असेल कदाचित. मला ती दहा-पंधरा मिनिटं फार आवडतात.

मलमाच्या ट्यूबा ते तिकडूनच घेऊन आले होते. "तिथलं नको, आपलंच बरं." त्या संपल्या, म्हणून माहूजमध्ये आमच्या बिल्डिंगखालच्या फार्मसीत गेले आणि रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवली.

फार्मासिस्टने ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि इथला बॉक्स काढून दिला. त्यावर हे एवढं मोठं छापलेलं... डायक्लोफेनॅक. आणखी काही हवंय का, हे तो मला विचारत राहिला आणि मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

आमच्या घरी त्याला कायम 'मलम' म्हणतात. मलमात काय असतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही!

तरी विश्वास बसेना. हात धुते, ग्लोव्ह्ज घालते... पण ग्लोव्ह्ज ओढून घालते त्याच बोटांनी, आणि लॅबच्या मशीनला कणभरही पुरतो. खात्री करायला साध्या शुद्ध पाण्याची बाटली माझ्या हाताने भरून लॅबला पाठवली. डायक्लोफेनॅक हजर.

म्हणजे सकाळी माहूजच्या बेसिनमध्ये हात धुऊन मी जे सोडते, तेच दिवसभर हिद्दला पकडत बसते. आणि वर मशीनला दोष देते.

हुसेनना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. त्यांनी ट्रायल वाढवून दिली. वर विचारलं, "वडिलांचा खांदा कसा आहे?"

त्या संध्याकाळी बाबांना म्हटलं, उद्यापासून मी ग्लोव्ह्ज घालून चोळते.

"हातमोजं घालून चोळणार व्हय?" ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे. माझं मी लावतो."

सकाळी बघितलं तर खरंच स्वतः लावत होते. हात मागे पोहोचत नव्हता, मलम सगळं बनियनला लागलं होतं. मी ट्यूब काढून घेतली आणि मागे बसले... नुसत्या हातांनी.

आता दोन्ही सॅम्पल बिनू घेतो, मी चार हात लांब उभी असते. रिपोर्ट एकदम छान येताहेत, मशीन राहणार असं दिसतंय. बाबांचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो. मग सॅम्पल पुन्हा मीच घेईन, माझे हात अगदी स्वच्छ असतील, आणि रिपोर्टात डायक्लोफेनॅकपुढे काहीच नसेल... तेव्हा मला आनंद होईल का, हे मात्र अजून कळत नाहीये.