घाटावरच्या मैनेचा शेवट

पूर्णा स्टेशनाच्या पलीकडं रेल्वेच्या माणसांची कौलारू चाळ होती. तिथल्या नळावर रोज सकाळी भांडण ठरलेलं. पाण्यावरून म्हणाल तर तसं नाही. इंजिनांच्या पुण्याईनं पाणी मुबलक होतं. भांडण व्हायचं ते सिनेमावरून! कोणती नटी डोळ्यानं बोलते, कोणती नुसतीच मुरडते, कोणत्या डायरेक्टरनं चांगल्या गोष्टीचं वाटोळं केलं, सगळं तिथं निकालात निघायचं. आणि शेवटी गाडी एकाच जागी येऊन अडायची. एका बाजूला सगळी चाळ आणि दुसऱ्या बाजूला एकटी धुरपताबाई.

याला कारण परभणीचं थेटर. थेटर कसलं, पत्र्याचा लांबलचक कोठाच तो. पुढं मर्दाना, मागं जनाना, मधे जाडजूड पडदा. अंधार झाला की पडदा बाजूला सरकवायचा. तिथल्या मालकानं एक अजब रीत पाडली होती. खेळ सुटला की पुरुषांचा लोंढा दारावर येणार, त्यात बायामाणसांची चेंगराचेंगरी नको, म्हणून शेवटचं रीळ लागलं की जनान्याच्या दारावरची कडूबाई कंदील हलवायची. कंदील हलला की सगळ्या बायांनी निमूट उठायचं आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचं. आत पुढं काय झालं ते पुरुष बघून येणार आणि घरी जाताना आपापल्या बायकोला सांगणार. घ्या! अख्खा सिनेमा जीव मुठीत धरून बघायचा, आणि नायिका कड्याच्या टोकावर उभी राहिली की आपण चपला शोधायच्या.

मग व्हायचं काय, जितके नवरे तितके शेवट. एकाचा डोळा लागलेला असायचा, तो मनाला येईल ते ठोकून द्यायचा. एकाला सांगायचाच कंटाळा. दुसऱ्या दिवशी नळावर एकीच्या सिनेमात लग्न झालेलं, दुसरीच्या सिनेमात तोच नवरदेव फासावर गेलेला. आणि प्रत्येकीला आपलाच नवरा खरा! भांडण नाही होणार तर काय होईल?

धुरपताबाईचा नवरा लिंबाजी इंजिनाच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होता. दिवसभर कोळशात हात, आणि स्वभावानं इतका अबोल की शेजाऱ्यानं चार गोष्टी विचारल्या तर एकीचं उत्तर द्यायचा, तेही मान हलवून. पण सिनेमाचा शेवट सांगायला लागला की या माणसाला कुठून वाचा फुटायची, देव जाणे. थेटरापासून स्टेशनाच्या वाटेवर तो पुढं, धुरपता मागं, आणि त्याचं पाठमोरंच सांगणं चाललेलं. दुष्ट दिवाण पाया पडायचा. जत्रेत हरवलेलं लेकरू आईला सापडायचं. सासू सुनेला पोटाशी धरायची. धुरपता मागून म्हणायची, "अन् मग? अन् मग वो?" आणि तो पुढं सांगत जायचा, आगबोट आली, माणसं उतरली, दारात रांगोळी काढली...

"अक्का, तुमच्या सिनेमात कुणी मरतच न्हाई काय गं?" चाळीतल्या बाया तिला चिडवायच्या.

"मरतेत की. वाईट असतेत ते मरतेत," धुरपता ठसक्यात सांगायची.

या सगळ्यांत मोठं भांडण ‘घाटावरच्या मैने’चं. तो मुका खेळ होता, बोलपट यायच्या आधीचा. नावाड्याची पोर मैना, तिचा नवरा परमुलखात गेलेला, गावानं तिच्यावर नाही तो आळ घेतलेला. मैना कंबरभर पाण्यात उभी राहते आणि कंदील हलतो. बाया बाहेर आल्या, तेव्हा आतून नुसती पेटी वाजत होती. पेटीवरून काय कळणार?

लिंबाजीनं सांगितलं, मैना वाचली. नवऱ्याची नाव आली, त्यानं तिला हाताला धरून वर काढलं, चार शिव्या हासडल्या आणि घरी नेलं. शेजारच्या कमलबाईला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे तिकीटबाबू अनंतरावानं सांगितलं, मैना मेली. झालं! तेव्हापासून कमल आणि धुरपता यांचं जे जुंपलं ते जुंपलंच.

ते वरीस धुरपताला फार वाईट गेलं होतं. तिची लेक रांगती होती, तापात गेली. पुढंही पुन्हा लेकरू झालं नाही. धुरपता धुणं घेऊन नदीवर जायची आणि धुणं संपलं तरी तिथंच बसायची. पाण्याकडं बघत बसायची. लिंबाजी शेडमधून तसाच काळ्या हातांनी तिला बोलवायला यायचा. त्याच दिवसांत त्यानं तिला मन रमावं म्हणून मैनेच्या खेळाला नेलं होतं.

पुढं लिंबाजीच तापात गेला. पोरगीला नेलं तसंच त्यालाही. धुरपता दिराकडं, भुजंगाकडं, त्याच चाळीत राहिली. लिंबाजीचा फोटो नव्हता की कसली खूण नव्हती. काय उरलं होतं, तर त्यानं सांगितलेले शेवट. भाकरी थापताना ती ते मनात घोळवायची. शब्द आठवायचे, आवाज मात्र दरसाली थोडा थोडा लांब जायलाय असं तिला वाटायचं, आणि मग जीव कासावीस व्हायचा. म्हणून नळावर कुणी म्हणालं, "मैना मेली," की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मैना मेली म्हणजे लिंबाजी खोटा ठरला ना! गेलेल्या माणसाच्या बाजूनं बोलायला दुसरं होतं कोण?

एके दिवशी भुजंग परभणीहून बातमी घेऊन आला. "वहिनी, तुमच्या मैनेचा दुसरा भाग आलाय. बोलणारा."

धुरपता घागर तशीच टाकून नळावर गेली. "काय गं कमल? मेलेल्या बाईचा दुसरा भाग निघतो का कुठं? आता बोल की!"

कमलनं आपली घागर नळाखालून ओढून घेतली. गार्डाची बायको सुमनबाई म्हणाली, "न्हाई बा, मेल्यावर दुसरा भाग कसा निघंल?" चार दिवस धुरपता चाळीत राणीसारखी वावरली. घरात गुणगुणायलासुद्धा लागली, आणि हे बघून भुजंगाच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

पण अनंतराव जाहिरात वाचून आले आणि सगळं मुसळ केरात. दुसरा भाग नव्हताच तो. तीच गोष्ट, तीच मैना, पण नव्यानं काढलेली, बोलकी. नटी नवी, गाणी नवी.

"पण डायरेक्टर तोच हाय, अक्का," कमल म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "डायरेक्टर तोच असल्यावर शेवट बी तोच. आमचे हे म्हणलेत. जुनी मैना मेली असली तर नवी बी मरंल. जुनी वाचली असली तर नवी बी वाचंल."

"तर मग बघूच की."

"बघायचं कसं? कंदील हलला की उठावं लागतंय."

"मी न्हाई उठणार," धुरपता म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे तिला बोलल्यावर कळलं.

नवरा गेल्यावर ती थेटरात पाऊल टाकणार म्हणजे चाळीला चघळायला विषय. "पांढरं कपाळ घेऊन सिनेमा बघायला निघाली," असं कुणीतरी म्हणालंच. धुरपतानं ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. भुजंग मात्र बरा माणूस. म्हणाला, "जाऊ द्या वहिनीला. कमलबाई संगं हायेत न्हवं?"

दुपारच्या खेळाला दोघी जनान्यात जाऊन बसल्या. पडदा सरकला. नवी मैना गायला लागली तशी सगळ्या जनान्यानं माना डोलावल्या. कमल कुजबुजली, "गळा लय गोड हाय." धुरपता म्हणाली, "गळा हाय, पण डोळे कुठं हायेत? पहिली नुसती बघायची तरी पोटात कालवायचं." खरं सांगायचं तर तिचं लक्ष गाण्यांत नव्हतंच. मर्दान्यातल्या पाठमोऱ्या मुंडाशांच्या रांगा ती बघत होती. पूर्वी त्या अंधारात एक मुंडासं तिचं असायचं. ते कोणतं ते तिला लांबून ओळखू यायचं. आता सगळी एकसारखीच दिसायला लागली होती.

मैना पाण्यात उतरली. कंदील हलला. बाया उठल्या, पदर सावरत, लेकरं कडेवर घेत निघाल्या. कमलही उठली, आणि धुरपता उठत नाही हे बघून क्षणभर घुटमळली, पण गर्दीनं तिला बाहेर नेलं.

कडूबाई कंदील घेऊन आली. "ऊठ गं माय. मालक माझ्यावर डाफरतेत."

"डाफरू दे. शेवट बघून येते."

"शेवटात काय ठेवलंय?"

"तुमी बघितलाय का कधी?"

कडूबाईनं पडद्याकडं पाहिलं. इतकी वर्षं तिनं बायांना बाहेर नेलं होतं. शेवट बघायला ती आत राहिली कधी? तिनं कंदील बारीक केला, खाली ठेवला आणि धुरपताशेजारी टेकली. "सरक थोडी," म्हणाली.

पाणी मैनेच्या छातीपर्यंत आलं. मैना गात होती. लांबून नावेचा दिवा दिसला. धुरपतानं दोन्ही हात जोडले. देवा, येऊ दे. येऊ दे त्याला. नाव जवळ आली, नवरा नावेत उभा राहिला, त्यानं हाक मारली. गाणं थांबलेलं होतं. त्यानं पुन्हा हाक मारली. पाण्यावर नुसता पदर तरंगत होता. तो हाका मारत राहिला, आणि पडद्यावर अक्षरं आली.

"आगं माय, मेली की गं!" कडूबाई मोठ्यानं रडायला लागली.

धुरपता रडली नाही. तिला पाणी प्यावंसं वाटलं. ती उठून बाहेर आली तेव्हा लिंबाखालच्या सगळ्या बाया तिच्याकडं धावल्या. काय झालं? वाचली का? धुरपता एवढंच म्हणाली, "तुमचे नवरे सांगतील की," आणि स्टेशनाची वाट धरली.

संध्याकाळच्या पॅसेंजरला बायांच्या डब्यात दोघीच होत्या. गाडी हलली तरी कमलनं विचारलं नाही. तिला तोंडावरून कळलं होतं.

"तू खरी, कमल," धुरपताच म्हणाली. "मेली मैना."

इतक्या वर्षांचं भांडण जिंकलेली बाई, पण कमलला काही आनंद झाला नाही. ती घाईघाईनं म्हणाली, "न्हाई अक्का, तसं न्हाई. डायरेक्टर लोकायचं काय सांगावं? नव्यात शेवट बदलला असंल त्यानं. जुन्यात वाचली असंल. लिंबाजीभावजी कामून खोटं बोलतील?"

"बोलले ना. मला नदीवरून रोज घरी आणायचे बघ त्या साली. भ्यायले होते माझ्यापायी. पडद्यावर बाई बुडालेली बघून आले, अन् मला कसं सांगतील बुडाली म्हणून? वाटंनं चालता चालता वाचवली त्यांनी तिला. अन् मग एकदा सुरू केलं ते शेवटपर्यंत तसंच. दर सिनेमाला. एवढं बोलायची सवय न्हवती गं त्यांना. किती जड गेलं असंल." ती खिडकीकडं वळली. "अन् मी मागून नुसतं ‘अन् मग, अन् मग’ करायची."

आता मात्र तिला रडू कोसळलं. कमलनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर ज्वारीची रानं मागं जात होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी बी आमच्यांना विचारलं होतं, काय झालं मैनेचं म्हणून. खरं तेच सांगितलं त्यांनी. ‘मेली, चल,’ म्हणले. तेवढंच."

धुरपतानं डोळे पुसले आणि कमलकडं पाहिलं. भांडणात इतकी वर्षं समोरासमोर उभ्या राहिल्या दोघी, पण हा चेहरा तिनं कधी नीट पाहिला नव्हता. तिनं कमलचा हात हातात घेतला.

"मला आता खोटं सांगणारं कुणी राहिलं न्हाई गं, कमल," ती म्हणाली.

कमल तिच्या खांद्याला टेकली. "सांगणारं मला कवाच न्हवतं, अक्का."